पाणी रोज बदलतो

"मावशी, जरा तोंड बाजूला घ्या," पंपवाला म्हणाला आणि त्याने झाकण उचलले.

मावशींनी तोंड बाजूला घेतले नाही. घेऊन उपयोग नव्हता, वास चहूकडून येत होता. कोपरापर्यंत रबरी हातमोजा चढवून त्यांनी खड्ड्यात हात घातला आणि जाळी वर ओढली. करमणुकीच्या पार्कातल्या लाटांच्या तलावातले पाणी फिल्टरकडे जाताना आधी या जाळीतून जाते. माणसांच्या अंगावरून जे जे सुटते ते इथे येऊन अडकते. केसांचा ओला काळा गुंता, त्यात जखमांवरच्या चिकटपट्ट्या, कुणाचे तरी तुटलेले रंगवलेले नख, चघळलेले च्युइंगम, आणि मधोमध फुगून उशीएवढा झालेला एक डायपर. डायपर फाटलेला होता.

"कालचा आहे," पंपवाला म्हणाला. "संध्याकाळी तरंगताना बघितला होता मी. म्हटलं, येईल सकाळी जाळीत."

"आणि त्याच्यातलं कुठे गेलं?"

पंपवाल्याने नुसतीच तलावाकडे हनुवटी उडवली. "आज चहा दुधाचा आहे."

तलावावरची माणसे आपसात पाण्याला चहा म्हणत. पाणी पारदर्शक असले की कोरा, गढूळ झाले की दुधाचा. ही थट्टा नवी होती. पूर्वी तिची गरजच नव्हती, कारण पूर्वी तळाच्या फरशीवर काढलेला मोठा मासा खवल्यांसकट दिसायचा. आता मासा कुठे आहे हे फक्त जुन्या माणसांना सांगता आले असते.

जाळी रिकामी होते न होते तोच सुपरवायझर निळ्या रंगाची पुडी घेऊन आला. तो काही वाईट माणूस नव्हता. कित्येक वर्षे घोड्यांचा पाळणा चालवायचा, मुलांना उचलून घोड्यावर बसवताना दमायचा नाही. मग त्याला बढती मिळाली आणि तो नजर चुकवून बोलायला शिकला.

"आज थोडा जास्त टाका," तो पंपवाल्याला म्हणाला. "गर्दी होणार आहे."

पंपवाल्याने पुडी ओतली. पाणी निळे झाले, लांबून अगदी जाहिरातीतल्यासारखे. डायपरची मावशींना सवय होती, माणसांची घाण उपसण्यात त्यांचे उभे आयुष्य गेले होते. घाण दिसली की साफ करायची, एवढे सरळ होते ते. पण घाणीला रंग लावून ती लोकांपुढे ठेवायची, याची मात्र त्यांना अजून सवय होत नव्हती.

मावशी म्हणजे पार्कातल्या सगळ्यांच्याच मावशी. झाडलोट आणि बाथरूम सांभाळणारी बाई, मग तिला दुसरे काय म्हणणार? पार्क उघडला त्या वर्षापासून त्या इथे होत्या. तलावाशेजारची बाथरूम त्यांच्याकडे होती, आणि ती अशी असत की बायका आत आरशासमोर उभ्या राहून निवांत गप्पा मारत. मावशींना त्याचा अभिमान होता. नातेवाइकांत कुणी पार्काचे नाव काढले की त्या मान ताठ करून सांगत, "आमच्याकडे फरशीवर पडलेलं उचलून खा, काही होणार नाही."

मग पार्क विकला गेला आणि नवे साहेब आले. पहिल्याच सभेत त्यांनी सगळ्यांना सरबत दिले आणि एक वाक्य सांगितले. जिथे पाहुण्यांना फरक कळत नाही, तिथे खर्च करायचा नाही. पाहुणे म्हणजे तिकीट काढून येणारे लोक. वाक्य सगळ्यांना आवडले. पाहुण्यांना काय काय कळत नाही ते मग एकेक करून उघड झाले. तलाव रिकामा करून घासायची रात्रपाळी गेली. क्लोरीन निम्मे झाले. पाण्यात उतरण्याआधीचे शॉवर बंद पडले. बसायची बाके उचलली गेली, कारण बसलेला माणूस काही विकत घेत नाही. आणि तलावाशेजारच्या बाथरूमना कुलूप लागले, कारण तिथे माणसे लागतात आणि माणसांना पगार लागतो. उरलेले एकच बाथरूम आता फाटकापाशी होते, भर उन्हातून चालत जायचे. मग तलावातली एवढी माणसे जातात कुठे, याचे उत्तर तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. आणि ते उत्तर कुठल्याही जाळीत अडकणारे नव्हते.

पाण्यावर तीन जीवरक्षक होते, त्यांतला एक ठेवला. त्याचे डोळे आले, कानातून पू वाहू लागला, तो घरी बसला तो परत आलाच नाही. आता गर्दीच्या वेळी सुपरवायझरच भोंगा घेऊन त्याच्या उंच खुर्चीवर बसत असे. त्याला पोहता येत नव्हते, पण हेही पाहुण्यांना कळत नव्हते.

रोज सकाळी हजेरी झाली की सुपरवायझर सगळ्यांकडून एक वाक्य म्हणून घेई, शाळेत पाढे म्हणवतात तसे. "पाण्याबद्दल कुणी विचारलं तर काय सांगायचं?" आणि सगळे एका सुरात म्हणत, "पाणी रोज बदलतो." पंपवाला नुसतेच ओठ हलवायचा. मावशी म्हणायच्या. न म्हणून भागणार नव्हते, आणि म्हटल्याने काही बिघडत नाही असे त्यांना वाटायचे.

त्या दिवशी त्यांची लेक सासरच्या माणसांना घेऊन पार्क बघायला येणार होती. दरवर्षी कामगारांना नवे बूट मिळत, यंदा बुटांऐवजी कुटुंबासाठी पास मिळाले होते. मावशी ते पास घरी कपाटात दडवून ठेवणार होत्या, पण लेकीला बाहेरूनच कळले आणि तिने सासरी सांगूनही टाकले. सासरी ती आईबद्दल फार काही सांगू शकत नसे. आईच्या हाताखाली पार्क कसा लखलखतो, एवढे एक मात्र ती सांगायची.

"आण सगळ्यांना," मावशी फोनवर म्हणाल्या होत्या. "फक्त तलावात नको."

"का गं?"

का ते मावशींच्या जिभेवर आले होते आणि त्यांनी ते गिळले. इतकी वर्षे मारलेल्या बढाया कुठल्या तोंडाने परत घ्यायच्या? "सर्दी होते," त्या म्हणाल्या. त्यांनी मनाशी बेत केला होता, पाळणे दाखवायचे, छोट्या आगगाडीत बसवायचे आणि दुपारच्या लाटा सुरू होण्याआधी फाटकापर्यंत सोडून यायचे. त्यांची नात सहा वर्षांची होती आणि पाण्यात तिचे तोंड कधी मिटत नसे. अंघोळ घालतानासुद्धा ती अंगावरून ओघळणारे पाणी चाटत असे. हे आठवले की मावशींना तलावाकडे बघवत नव्हते.

मंडळी वेळेवर आली. पुढे जावई, मागे नातीचा हात धरून लेक, आणि सगळ्यांच्या मागे विहीणबाई. त्यांचे गुडघे दुखत होते.

"किती हो मोठं आहे हे," विहीणबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही एकट्या सांभाळता?"

"एकटी कुठली. आहेत की माणसं," मावशी म्हणाल्या. पूर्वी होती, हे त्यांनी मनातच ठेवले.

त्या सगळ्यांना आधी छोट्या गाडीकडे घेऊन गेल्या. गाडी बंद होती. दुरुस्ती सुरू आहे अशी पाटी होती, आणि पाटीवरचा रंग उन्हाने विटून गेला होता. मोठा पाळणा बंद. घोड्यांचा पाळणा चालू होता, पण निम्मे घोडे ताडपत्रीखाली होते आणि रांग एवढी की जावयाने लांबूनच हात जोडले. पिण्याच्या पाण्याचे नळ काढलेले होते. विहीणबाई बसायला जागा शोधत होत्या आणि शेवटी त्या झाडाच्या कठड्यावर टेकल्या तर तिथे कुणीतरी आइस्क्रीम सांडलेले होते.

"आज जरा जास्तच गर्दी आहे," मावशी म्हणाल्या. त्यांना स्वतःच्या आवाजाचीच चीड आली.

थोड्या वेळाने विहीणबाई त्यांच्या कानाशी लागल्या. "अहो, इथे बाथरूम कुठे आहे? मघापासून शोधतेय."

फाटकापर्यंत त्यांना चालवणे शक्य नव्हते. मावशींच्या अंगावरच्या पार्काच्या कोटाच्या खिशात जुनी किल्ली होती, ती कुणी परत मागितलीच नव्हती. त्यांनी इकडेतिकडे बघितले आणि तलावाशेजारच्या बाथरूमचे कुलूप काढले.

दार उघडताच आतून जो वास आला त्याने त्या स्वतःच एक पाऊल मागे सरल्या. पार्कातून उचललेली सगळी बाके आत एकावर एक रचून ठेवली होती. आरशावर धूळ होती. पाण्याची जोडणी तोडलेली, आणि तरीही खिडकीतून शिरून ती जागा कुणीकुणी वापरत होते. संडासाची भांडी काठोकाठ भरली होती, त्यांवर माश्या घोंगावत होत्या. याच फरशीवर गुडघे टेकून मावशींनी फटीफटींतून ब्रश फिरवला होता. त्यांना रडू आले नाही, ओकारी आली.

"विहीणबाई, नको. चला, मी धरून नेते तुम्हाला फाटकापर्यंत."

"नाही हो धीर निघणार," असे म्हणून विहीणबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा नाकाला रुमाल होता आणि चेहरा पांढरा पडला होता. त्या हळूच म्हणाल्या, "हे तुमच्याकडेच असतं ना?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मावशींनी उत्तर दिले असते.

त्या दोघी परत आल्या तर मंडळी जाग्यावर नव्हती. जिथे काहीच चालू नसते तिथे माणसे जे चालू असेल तिकडे जातात. सगळा पार्क तलावाकडे लोटला होता. काठावर कपड्यांचे ढीग, पाण्यात माणसाला माणूस चिकटलेला, डोकीच डोकी. पाणी निळे दिसत होते. जावई पँट वर दुमडून उभा होता आणि नातीने फ्रॉक काढून टाकला होता.

"आजी, मी आतून घालूनच आलेय," ती पोहण्याचा नवा पोशाख दाखवत म्हणाली.

मावशींनी हातातला झाडू बगलेत धरला आणि तिचे मनगट पकडले. "तलावात जायचं नाही."

"आई, अगं आज एक दिवस," लेक म्हणाली. "आठवडाभर नाचतेय ती."

"सर्दी होईल तिला."

"अहो आई, एवढी पोरं आहेत पाण्यात," जावई हसत म्हणाला. "सगळ्यांना होईल का सर्दी? ऊन केवढं आहे बघा."

"जावईबापू, नको म्हणतेय ना मी."

"पण का नको ते तरी सांगाल की नाही?"

सुपरवायझर वरच्या खुर्चीवर भोंगा घेऊन बसला होता, चार हातांवर. मावशींनी लेकीच्या कानाशी तोंड नेले. तेवढ्यात कुणीतरी त्यांचा कोट ओढला. एक तरुण बाई होती, कडेवर टोपी घातलेले बाळ. कोटावरून माणूस इथला आहे हे कळते, म्हणून तिने त्यांनाच विचारले.

"मावशी, पाणी स्वच्छ आहे ना हो? हा अजून वर्षाचाही नाही, म्हणून विचारते."

"पाणी रोज बदलतो," मावशी म्हणाल्या.

शब्द आपोआप बाहेर पडले. हजेरीच्या रांगेत पडायचे तसेच, त्याच सुरात. ते कानावर पडल्यावरच आपण काय बोललो हे मावशींना कळले. बाई हसली, बरं झालं विचारलं असे काहीतरी म्हणाली आणि बाळाची टोपी काढू लागली.

"झालं तर मग," जावई म्हणाला. त्याच्या आवाजातले हसू गेले होते. "लोकांच्या पोरांना चालतं, आणि आमच्याच पोरीला नाही? अहो, आम्ही पासावर फुकट आलोय म्हणून का?" त्याने मावशींच्या मुठीतून पोरीचा हात सोडवला. "जा गं तू."

पोर एका उडीत पाण्यात गेली. त्याच वेळी लाटांचा भोंगा वाजला आणि सगळा तलाव आनंदाने ओरडला.

मावशींनी झाडू टाकला आणि बुटांसकट, कोटासकट त्या पाण्यात उतरल्या. तलावावर काम करणारा कुणीही पाण्यात पाय घालत नसे. पाणी कोमट होते. बाहेरच्या उन्हाने तापलेले पाणी वेगळे आणि हे वेगळे, हे कुणाच्या तरी अंगातून आल्यासारखे कोमट होते. तळाला शेवाळ माजून बुळबुळ झाली होती. पहिली लाट छातीवर आली, दुसरी तोंडावर, आणि एक घोट घशात गेला. खारट, निळीच्या वासाचा. मावशींना भडभडून आले. आपण इतके महिने एकाही माणसाला अडवले नाही, नात आली तेव्हा जीभ वळवळली, आणि तीही कानात सांगण्यापुरती. स्वतःची एवढी किळस त्यांना कधी आली नव्हती.

नात लाटेवर डोलत होती, तोंड उघडे, खदखदा हसत. मावशींनी तिला काखोटीला मारले आणि लोकांना ढकलत काठावर आल्या. बाळवाली बाई पायरीवर होती, तिचा एक पाय पाण्यात होता.

"बदलत नाही," मावशी तिला म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "पाणी बदलत नाही. खोटं बोलले मी. हा पावसाळा गेला, तेव्हापासून बदललेलं नाही. बाथरूमला कुलूप आहे, सगळे आतच करतात. काल पोराचा डायपर फुटलाय यात. मी स्वतः काढला सकाळी. बाळाला घालू नकोस आत."

बाईने पाय वर घेतला. आजूबाजूच्या दहाबारा जणांनी ऐकले. कुणीतरी थुंकले. दोन बायका आपापली पोरे ओढत बाहेर आल्या. "तिकीट काढताना सांगायला काय झालं होतं?" एक माणूस गळ्याइतक्या पाण्यातून म्हणाला, आणि तिथेच राहिला. बाळवालीचा नवरा पाण्यात होता. तो तिथूनच ओरडून म्हणाला की एवढं सगळीकडेच असतं, चल, पैसे भरलेत. बाळाला टॉवेलात गुंडाळून ती चालू लागली. पुढची लाट आली तेव्हा रिकाम्या झालेल्या जागा भरल्याही होत्या.

सुपरवायझर खुर्चीवरून खाली उतरून आला. "मावशी, हे काय केलंत हो."

"बोलायला हवं होतं, बोलले."

"मला वर कळवावं लागेल. सगळ्यांनी ऐकलंय, मी दडवू कसं?"

"कळवा."

त्याने मान खाली घातली. "कोट आजच जमा करावा लागेल मग. नाहीतर हिशेबातून कापतील."

"माझ्यामुळे झालं हे," जावई मधेच म्हणाला. त्याला कुठे बघावे ते समजत नव्हते. मावशींनी त्याच्या दंडावर ओला हात ठेवायला उचलला आणि तसाच खाली घेतला.

पंपघरामागे विहिरीच्या पाण्याचा एक नळ होता, तो फिल्टर धुण्यासाठी. पंपवाल्याने न विचारताच तो सोडला आणि कोपऱ्यातून आपला साबण आणून दिला. मावशींनी नातीला नळाखाली बसवले. डोके, कान, बेंबी, बोटांच्या बेचक्या. चूळ भरायला लावली, पुन्हा भरायला लावली.

"आजी, गिळलं नाही मी," नात म्हणाली.

"खरं सांग."

"थोडंसंच."

लेक बाजूला टॉवेल धरून उभी होती. रडत होती की काय ते मावशींनी बघितले नाही. पोर पुसून झाली, तिला कोरडा फ्रॉक घातला. मग मावशी कामगारांच्या खोलीत जाऊन घरचे कपडे घालून आल्या. ओला कोट त्यांच्या हातात होता आणि त्याला तलावाचा वास येत होता. सुपरवायझर दारात वाट बघत उभा होता.

"द्या तसाच," तो म्हणाला. "ओला असला तरी चालेल. नोंद करून टाकतो."

"असा नाही देणार," मावशी म्हणाल्या. "उद्या दुसरी कुणीतरी अंगावर घालणार हा."

त्यांनी नळाखालच्या बादलीत कोट बुडवला. आधी नुसता खळबळला, मग फरशीवर पसरून साबण लावला आणि गळा, बगला, खिशांच्या शिवणी बोटांनी चोळू लागल्या. फेस आधी निळसर निघाला, मग करडा. सुपरवायझरने दोनदा घड्याळ बघितले. तलावाकडून पुन्हा भोंगा ऐकू आला आणि पाठोपाठ लोकांचा ओरडा.

तीनदा पाणी बदलल्यावर कोट स्वच्छ झाला. कापड जाड होते, भिजून जड झालेले, एकटीच्या मनगटांनी पिळता येईना. मावशींनी एक बाही धरून पीळ द्यायला घेतला तेव्हा विहीणबाई नळाजवळच्या कठड्यावरून उठल्या. गुडघ्यावर हात टेकत त्या पुढे आल्या, त्यांनी पदर खोचल्यासारखी आपली ओढणी कमरेला आवळली आणि कोटाचे दुसरे टोक दोन्ही हातांत धरले.

"तुम्ही उजवीकडे फिरवा," त्या म्हणाल्या. "मी डावीकडे फिरवते."